खेळाची जोड आणि तिची पारख

खेळात भर घालण्याचा मोह माणसाला फार जुना आहे. बुद्धिबळाच्या इतिहासात या मोहाची दोन निरनिराळी फळे पाहावयास मिळतात. तैमूरच्या नावाने ओळखले जाणारे एक मोठे बुद्धिबळ मध्ययुगात प्रचारात होते. त्याच्या पटावर ११ गुणिले १० घरे असत, शिवाय दोन्ही बाजूंना गढीचे एकेक जादा घर असे, आणि नेहमीच्या मोहऱ्यांच्या जोडीला जिराफासारखे नवे मोहरेही मांडलेले असत. विसाव्या शतकात, १९२१ ते १९२७ या काळात जगज्जेता असलेल्या कापाब्लांकानेही असाच एक प्रयत्न केला. निष्णात खेळाडूंचे डाव यापुढे बरोबरीतच सुटत राहतील या भीतीपोटी त्याने पट मोठा करून हत्ती व घोडा यांची चाल एकत्र असलेला एक आणि उंट व घोडा यांची चाल एकत्र असलेला दुसरा, असे दोन मोहरे सुचविले. या दोन्ही खेळांची आठवण आज मुख्यतः जिज्ञासूंनाच आहे. याउलट पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात जो बदल झाला त्यात एकही नवा मोहरा आला नाही आणि पटावरील ६४ घरांत एकाचीही भर पडली नाही. तोपर्यंत तिरके एकच घर सरकणारा वजीर आठही दिशांना हवा तितका धावू लागला, आणि तिरकी दोनच घरे उडी घेणारा उंट पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मारा करू लागला. काही दशकांतच या नव्या खेळाने जुन्याला मागे सारले. आजचे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ त्याचेच वारस होय.

संगणकावरील युद्धखेळांना जी जोड मागाहून विकली जाते तिचा विचार करताना बुद्धिबळाचे हे दोन दाखले डोळ्यांपुढे असलेले बरे. या जोडीला खेळाडू ‘एक्स्पान्शन पॅक’ म्हणतात. येथे तिला विस्तार-संच असे म्हटले आहे. मूळ खेळ विकत घेतलेल्या माणसालाच तो उपयोगी पडतो. मूळ खेळाविना त्याला स्वतंत्र अस्तित्व नसते. म्हणूनच त्याचे परीक्षण हे नव्या खेळाच्या परीक्षणापेक्षा वेगळ्या जातीचे असते. वेष्टनावर जे लिहिलेले असते ते बहुधा मोजदादीच्या स्वरूपाचे असते: इतके नवे लोकसमूह, इतक्या मोहिमा, इतके नकाशे. ही मोजदाद खोटी नसते. पण तैमूरच्या बुद्धिबळातील मोहरेही संख्येने पुष्कळच होते.

मध्ययुगीन युद्धखेळांपैकी ज्याचे विस्तार-संच सर्वांत दीर्घकाळ निघत आले आहेत असा खेळ म्हणजे ‘एज ऑफ एम्पायर्स २’. टेक्सासमधील डॅलस येथील एन्सेंबल स्टुडिओज या संस्थेने तो घडविला आणि मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये प्रकाशित केला. पहिला विस्तार-संच २००० मध्ये आला. मूळ संस्था २००९ मध्ये बंद झाली. तरीही २०१३ पासून दुसऱ्या हातांनी या खेळाला नव्या जोडी लाभत गेल्या. पाव शतकाचा हा पट उपलब्ध असल्यामुळे कोणती भर टिकली आणि कोणती निव्वळ पडून राहिली, हे येथे प्रत्यक्ष तपासता येते.

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. खेळाडूच्या हाती आरंभी एक नगरकेंद्र, तीन गावकरी आणि एक टेहळणी स्वार असतो. गावकऱ्यांकडून अन्न, लाकूड, सोने व दगड ही चार साधने गोळा करावयाची, त्यांतून घरे, शेते, छावण्या व किल्ले उभारावयाचे, आणि अंधारयुग, सरंजामी युग, दुर्गयुग व साम्राज्ययुग अशा चार पायऱ्या चढत प्रतिस्पर्ध्याचा पाडाव करावयाचा, असा हा क्रम आहे. दुसऱ्या पायरीवर जाण्यास ५०० अन्न लागते. तिसऱ्या पायरीस ८०० अन्न व २०० सोने. पाळीपाळीने खेळण्याची येथे सोय नाही. दोन्ही पक्षांचा काळ एकाच वेळी चालू असतो. त्यामुळे खेळाडूचे खरे दुर्मिळ साधन पटावर दिसतच नाही. ते म्हणजे त्याचे अवधान. शेताकडे पाहावे तर आघाडीवरचे तिरंदाज कापले जातात, आघाडीकडे पाहावे तर गावकरी रिकामे उभे राहतात. लढाईचा पाया परस्परमाराच्या साखळीवर आहे: भालाईत घोडेस्वाराला भारी, घोडेस्वार तिरंदाजाला भारी, आणि तिरंदाज भालाईताला भारी. मूळ खेळात १३ लोकसमूह होते आणि त्या सर्वांना हा एकच सामाईक आराखडा दिलेला होता. कोणाला त्यातील काही सैनिक वा शोध नाकारलेले, कोणाला एखादी सवलत दिलेली आणि प्रत्येकाला स्वतःचा असा एखादा खास सैनिक, एवढाच काय तो त्यांच्यातील फरक.

२००० सालच्या ‘द कॉन्करर्स’ या पहिल्या संचाने अॅझ्टेक, माया, हूण, कोरियन व स्पॅनिश असे पाच लोकसमूह आणले, अॅटिला, माँटेझुमा व एल सिड यांच्या तीन मोहिमा आणल्या, आणि तूरच्या इ. स. ७३२ मधील लढाईपासून कोरियाच्या समुद्रातील नोर्यांगच्या १५९८ मधील लढाईपर्यंत आठ सुट्या लढाया दिल्या. बर्फाळ आणि उष्ण कटिबंधीय प्रदेशांचे नकाशेही त्यात होते. तथापि या संचाने खेळावर जो सर्वांत खोल परिणाम घडविला तो शेताशी संबंधित होता, आणि शेत ही काही जाहिरातीत मिरविण्याची वस्तू नव्हे.

मूळ खेळात शेतातील अन्न ठरावीक प्रमाणात काढून झाले की शेत ओसाड पडे. मग खेळाडूने नेमके ते शेत शोधावयाचे, तेथील गावकऱ्याला हाक द्यावयाची आणि लाकूड खर्चून पेरणी पुन्हा करावयाची. वीस-पंचवीस शेते असली की ही कटकट अखंड चालू राही. नव्या संचाने गिरणीवर आगाऊ पेरणीची रांग लावण्याची सोय दिली. लाकूड आधीच भरून ठेवावे, शेत संपले की गावकरी आपणहून पुन्हा पेरणी करतो. त्याच जातीची दुसरी सुधारणा म्हणजे लाकडाची वखार बांधून झाल्यावर गावकरी हुकमाची वाट न पाहता लाकूडतोडीस लागतो. तिसरी थोडी वेगळी: तटबंदी फोडणाऱ्या ओंडक्याच्या गाडीत पायदळ बसविता येऊ लागले, त्यामुळे गाडीची गती वाढली आणि माराही वाढला. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींनी सैन्यात एका शिपायाचीही भर घातली नाही. परंतु दर डावात खेळाडूचे जे अवधान शेतात अडकून पडत होते ते मोकळे झाले आणि आघाडीवर गेले. वजिराची चाल बदलल्यावर बुद्धिबळाचे जे झाले त्याच्याशी याचे नाते आहे. पुढे २०१९ च्या नव्या आवृत्तीत तर शेतांची पेरणी पूर्णपणे आपोआप होण्याची सोय झाली, आणि आजच्या खेळाडूला जुन्या पद्धतीकडे परत जाण्याची कल्पनाही असह्य वाटेल.

यावरून परीक्षकाला एक साधी कसोटी मिळते. नवा संच बसविल्यावर त्यातील एकही नवा लोकसमूह न निवडता, जुन्याच इंग्रज वा फ्रँक लोकांचा एक डाव खेळून पाहावा. डाव पूर्वीसारखाच झाला, तर संचाने केवळ कोठार वाढविले असे समजावे. जुन्या लोकांच्या हाती नवे निर्णय आले असतील, पूर्वी न घेता येणारी जोखीम आता घेता येत असेल, तर संच खेळाच्या मुळापर्यंत पोहोचला आहे. बहुतेक परीक्षणांत नेमका हाच डाव खेळलेला नसतो, कारण नवे सोडून जुने खेळण्याचा धीर नवी वस्तू हाती आल्यावर कोणाला राहत नाही.

नव्या लोकसमूहांकडे वळताना आधी त्यांना काय दिले नाही हे पाहावे. अॅझ्टेक व माया यांना घोडा नाही. स्पॅनिश लोकांच्या आगमनापूर्वी अमेरिका खंडात घोडा नव्हता, हे ऐतिहासिक सत्य येथे खेळाच्या नियमात उतरले आहे. त्यांच्याकडे टेहळणीसाठीही घोडेस्वाराऐवजी गरुडवेषधारी पायदळी योद्धा असतो. हा एकच नकार सारी साखळी हलवून टाकतो. समोर घोडेस्वारच येणार नसेल तर प्रतिस्पर्ध्याच्या भालाइतांचे काम काय? तिरंदाजांवर आता वेगाने धावून येणारे पायदळ चालून येते. त्याला अडविण्यासाठी नवे उत्तर शोधावे लागते. म्हणजे अॅझ्टेक न निवडणाऱ्या खेळाडूलाही त्यांच्या अभावाचा विचार करणे भाग पडते. पाच नवे शिपाई दिल्याने जे साधले नसते ते एक घोडा काढून घेतल्याने साधले.

या बाबतीत इतिहासकाराची एक रास्त तक्रार आहे आणि ती डावलता येणार नाही. आराखडा सामाईक असल्यामुळे याच अॅझ्टेकांना युरोपीय पद्धतीची धोंडे फेकणारी यंत्रे, किल्ले आणि ‘सरंजामी युग’ हेही मिळाले. ज्या समाजाला लोखंडाची हत्यारे ठाऊक नव्हती त्याच्या लोहारशाळेत पोलादी शस्त्रांचे शोध लागतात. घोडा नाकारताना जो काटेकोरपणा दाखविला तो येथे सोडला गेला. कारण उघड आहे. असे शोध काढून घेतले असते तर तिसऱ्या पायरीनंतर हे लोक खेळात उभेच राहू शकले नसते. खेळाचा समतोल आणि इतिहास यांच्या ओढाताणीत कोठे कोणाला झुकते माप दिले, हे पाहणे म्हणजे अशा संचाचे परीक्षण करणे होय. माँटेझुमाची मोहीम अॅझ्टेकांच्या बाजूने सांगितलेली आहे. त्या कथेत जिंकणारे स्पॅनिश हे परके आक्रमक आहेत. ‘जेते’ असे नाव मिरविणाऱ्या संचाने एक मोहीम तरी पराभूतांच्या तोंडून सांगावी, ही गोष्ट त्या काळच्या युद्धखेळांत दुर्मिळ होती.

हूणांचे उदाहरण याहून अधिक बोधक आहे. इतर प्रत्येक लोकसमूहाला दर पाच माणसांमागे एक घर बांधावे लागे. दोनशे माणसांची मर्यादा धरली, नगरकेंद्रातील पाच जागा वगळल्या आणि किल्ले हिशेबात घेतले नाहीत, तर ३९ घरे होतात. त्या वेळच्या ३० लाकूड प्रति घर या दराने ११७० लाकूड लागते. हूण भटके, म्हणून त्यांना घरे लागतच नाहीत. त्या बदल्यात आरंभी १०० लाकूड कमी मिळते. कल्पना सुंदर आहे. लोकांचा स्वभाव एका नियमात पकडला गेला आहे आणि तो नियम शिकावयास दोन क्षणही लागत नाहीत. पण लाकडाची बचत हा लाभाचा अर्धाच भाग होता. घर बांधावयास विसरल्यामुळे गावकऱ्यांची भरती खोळंबणे, ही या खेळातील नेहमीची चूक. हूणांच्या खेळाडूला ती करताच येत नसे. त्यात स्वस्त अश्वारूढ तिरंदाज आणि जलद चालणाऱ्या घोडशाळा यांची भर पडली. परिणाम असा झाला की त्यानंतरच्या दशकात स्पर्धात्मक खेळात हूणांविरुद्ध हूण हा प्रकार इतका रूढ झाला की त्याला ‘हूणयुद्धे’ असे नावच पडले. लोकसमूह १३ वरून १८ झाले, आणि पुष्कळ गंभीर खेळाडूंच्या दृष्टीने निवड मात्र एकावर आली. वेष्टनावरील आकडा वाढला की निवड वाढतेच असे नाही. यासाठीच विस्तार-संचाचा पहिल्या आठवड्यात दिलेला निकाल अपुरा ठरतो. समतोलातील दोष हजारो खेळाडूंनी हजारो डाव खेळल्यानंतर उघडा पडतो. एका परीक्षकाच्या वीस डावांत तो दिसण्याची शक्यता अल्प असते.

अन्य खेळांतील दोन-तीन उदाहरणे येथे ओझरती नोंदविण्यास हरकत नाही. ‘मेडिएव्हल टोटल वॉर’ या खेळाच्या २००३ मधील ‘व्हायकिंग इन्व्हेजन’ या संचाने ब्रिटिश बेटांचा ७९३ ते १०६६ पर्यंतचा एक स्वतंत्र पटच जोडला. ती मूळ पुस्तकाला बांधलेली दुसरी पुस्तिका होती, आणि तिचे परीक्षण जवळजवळ नव्या खेळाप्रमाणेच करावे लागते. ‘क्रूसेडर किंग्ज २’ या राजघराण्यांच्या खेळाला २०१२ मध्ये अशी जोड मिळाली की अॅझ्टेक लोक अटलांटिक ओलांडून युरोपवर चालून येतात. कित्येकांना त्यात मौज वाटली, कित्येकांना तो पोरखेळ वाटला. ज्याला नको त्याला न घेण्याची मोकळीक होती, एवढे तिच्या बाजूने म्हणता येईल. त्याच खेळात २०१४ मध्ये ‘राजाज ऑफ इंडिया’ या संचाने हिंदू, बौद्ध व जैन राजे आणले आणि पट पूर्वेकडे वाढविला.

भारताचा विषय निघालाच आहे, तर ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मधील भारताची कथा सविस्तर पाहणे योग्य होईल, कारण विस्तार-संचाच्या परीक्षणातील जवळजवळ सर्व प्रश्न तिच्यात एकत्र येतात. १९९९ च्या खेळात भारत नव्हताच. हौशी खेळाडूंच्या एका गटाने तयार केलेल्या जोडीतून २०१३ मध्ये ‘द फरगॉटन’ हा अधिकृत संच निघाला आणि त्यात ‘इंडियन्स’ नावाचा एकच लोकसमूह आला. स्वस्त गावकरी, बळकट उंटस्वार, हत्तीवरील तिरंदाज, आणि अवजड चिलखती स्वाराचा अभाव, अशी त्याची ठेवण होती. त्याच खेळात इंग्रज, केल्ट, फ्रँक, ट्यूटन व गॉथ अशा पाच नावांनी पश्चिम युरोपातील लोक वेगवेगळे उभे होते. हिमालयापासून रामेश्वरपर्यंतच्या साऱ्या उपखंडाला मात्र एक उंट आणि एक हत्ती पुरेसा मानला गेला होता. चोळांचे आरमार आणि दिल्लीच्या सुलतानांचे घोडदळ एकाच सबबीखाली नाहीसे झाले.

२८ एप्रिल २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ या संचाने ही चूक दुरुस्त करण्याचा प्रयत्न केला. जुन्या ‘इंडियन्स’चे रूपांतर ‘हिंदुस्तानी’ या लोकसमूहात झाले. त्याशिवाय बंगाली, द्राविड आणि गुर्जर असे तीन नवे समूह आले. एकूण संख्या ३९ वरून ४२ झाली. राजेंद्र चोळ, पालवंशीय देवपाल आणि बाबर यांच्या तीन मोहिमा, प्रत्येकी पाच प्रसंगांच्या, त्यात आहेत.

वर सांगितलेली कसोटी येथे लावली तर संच चांगला उतरतो. चारही भारतीय समूहांना अवजड चिलखती स्वार नाही. दुर्गयुगात पोहोचताच असे स्वार भराभर उभे करून शत्रूच्या शेतांवर घालावयाचे, हा या खेळातील सर्वांत सरावाचा डाव; तो येथे खेळताच येत नाही. तटबंदी फोडणारी ओंडक्याची गाडीही चौघांना नाही; तिच्या जागी चिलखत चढविलेला हत्ती आहे, जो दरवाजा फोडतोच, पण हत्ती असल्यामुळे भालाइतांपुढे दुबळा ठरतो. अमेरिकेतील लोकांचा घोडा काढून घेण्याची २००० सालची युक्ती येथे अधिक परिपक्व स्वरूपात दिसते. गुर्जरांना आपली जनावरे गिरणीत बांधून ठेवता येतात. ती मारून एकदाच अन्न घ्यावयाचे की जिवंत ठेवून थोडेथोडे अन्न कायम मिळवावयाचे, हा निर्णय खेळाच्या पहिल्याच मिनिटांत करावा लागतो. मेंढी कापणे ही तोपर्यंत विचार न करता उरकण्याची बाब होती. तिच्यात विचार आला. एका लहान नियमाने एवढे साधले, हे या संचाचे सर्वांत मोठे यश म्हणावे लागेल. द्राविडांना प्रत्येक युगात पाऊल टाकताच २०० लाकूड मिळते, आणि बंगाल्यांना दर युगांतराच्या वेळी नगरकेंद्रातून दोन गावकरी फुकट मिळतात. या सवलती उपयुक्त आहेत, पण त्यांत खेळाडूला ठरविण्यासारखे काही नाही. त्या दिल्या, घेतल्या, संपल्या.

समतोलाच्या बाबतीत आरंभ डळमळीत झाला. गुर्जरांचा बाण चुकविणारा ढालधारी स्वार पहिल्या काही महिन्यांत फारच भारी ठरला आणि पुढील दुरुस्त्यांतून त्याला आवर घालावा लागला; द्राविड व बंगाली मात्र मागे पडले आणि त्यांना वारंवार बळ द्यावे लागले. येथे २००० आणि २०२२ या दोन काळांतील एक महत्त्वाचा भेद ध्यानात घेतला पाहिजे. तबकडीवर विकलेल्या संचातील दोष पुष्कळ काळ तसेच राहत. आता दुरुस्ती थेट घरच्या यंत्रावर येते. याचा लाभ उघड आहे. पण परीक्षकापुढे त्यामुळे अडचण उभी राहते. ज्या वस्तूवर त्याने निकाल दिला ती वस्तू दोन महिन्यांनी तीच राहिलेली नसते. म्हणून ज्या दोषांचे मूळ आकड्यांत आहे आणि ज्यांचे मूळ रचनेत आहे, त्यांची फारकत करणे हे त्याचे काम ठरते. स्वाराची ताकद हा आकडा आहे, तो उद्या बदलेल. फुकट मिळणाऱ्या लाकडात निर्णयाचा अभाव असणे हा रचनेचा दोष आहे आणि तो कोणत्याही दुरुस्तीने सहजी जाणार नाही.

दुसरा भेद न्यायाचा आहे. संच न घेतलेला खेळाडू घेतलेल्या खेळाडूविरुद्ध खेळू शकतो, मात्र नवे समूह त्याला निवडता येत नाहीत. ही व्यवस्था खेळाडूंची फाळणी टाळते, हे मोठेच काम होय. २००० मध्ये ज्याच्याकडे नवी तबकडी नव्हती तो नव्या खेळातून बाहेरच राही. परंतु ज्या आठवड्यांत नवा समूह अवाजवी प्रबळ असतो, त्या आठवड्यांत पैसे दिलेल्याला पैसे न दिलेल्यावर आघाडी मिळते. ती जाणूनबुजून दिलेली असो वा नसो, हरणाऱ्याला अनुभव एकच येतो. संचाची किंमत सांगताना परीक्षकाने ही बाजूही सांगावयास हवी, कारण जो संच विकत घेत नाही तोही त्याचा परिणाम भोगत असतो.

इतिहासाच्या अंगाने पाहता या संचात मान डोलवावी असे पुष्कळ आहे आणि भुवई उंचवावी असेही थोडे आहे. पूर्व भारतातील पाईक, दिल्लीच्या सुलतानांचे गुलाम योद्धे, केरळातील लवचिक पात्याची उरुमी, दक्षिणेतील मुशीत घडविलेले पोलाद, या गोष्टी निवडणाऱ्याने वाचन केले होते हे जाणवते. पोलादाच्या शोधाने द्राविडांचे पायदळ व घोडदळ शत्रूच्या चिलखताला जुमानेनासे होते. एका कारागिरीचा खेळातील अर्थ याहून नेमका काढता आला नसता. मात्र बंगाल्यांचा खास योद्धा म्हणून रथ दिला आहे. गुप्तकाळानंतर भारतीय रणांगणावरून रथ जवळजवळ हद्दपार झाला होता. देवपालाच्या नवव्या शतकात तो युद्धापेक्षा देवळातच अधिक शोभला असता. हा रथ जवळून व लांबून अशा दोन्ही रीतींनी लढू शकतो, म्हणून खेळात तो मजेदार आहे. पण बंगालच्या नद्या व दलदल ज्याने पाहिली आहे त्याला तो हाकण्याची जागा शोधावी लागेल.

नावांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ‘द्राविड’ ही संज्ञा प्राचीन असली तरी संपूर्ण दक्षिणेतील भाषाकुळासाठी तिचा आजचा रूढ अर्थ एकोणिसाव्या शतकातील भाषाशास्त्राने घडविला. चोळ, पांड्य, काकतीय, होयसळ यांनी स्वतःला एका नावाखाली कधीच गणले नव्हते, आणि त्यांचे आपसांतील वैर तर प्रसिद्धच आहे. एका ‘इंडियन्स’चे चार झाले, पण दक्षिणेचा अजून एकच आहे. दख्खनच्या वाचकाला आणखी एक पोकळी जाणवेल. राष्ट्रकूट, देवगिरीचे यादव, १३४७ मध्ये स्थापन झालेली बहमनी सत्ता, यांपैकी कोणासाठीही स्वतंत्र समूह नाही. नर्मदेच्या दक्षिणेकडील आणि कृष्णेच्या उत्तरेकडील प्रदेश शेजाऱ्यांत वाटला गेला आहे. मराठ्यांचा अभाव मात्र दोष म्हणून दाखविता येणार नाही. हा खेळ रोमच्या पतनापासून सोळाव्या शतकाच्या अखेरपर्यंतच्या काळाचा आहे आणि शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. भारतीय पाठ्यपुस्तकांत मध्ययुग अठराव्या शतकापर्यंत येते, खेळात ते युरोपच्या मापाने आधीच संपते. मराठ्यांना खेळविणारा पट हवा असेल तर तो अठराव्या शतकावरील ‘एम्पायर टोटल वॉर’ या २००९ च्या खेळात सापडतो.

या साऱ्या त्रुटी धरूनही २०२२ चा संच ‘इंडियन्स’ या एकाच चौकटीपेक्षा फार पुढे गेला आहे, आणि त्याची परीक्षा त्या चौकटीशी तुलना करूनच व्हावयास हवी. आदर्श इतिहासग्रंथाशी तुलना केली तर असा कोणताच संच उत्तीर्ण होणार नाही.

मे २०२५ मध्ये आलेल्या ‘द थ्री किंग्डम्स’ या संचाने मात्र चौकटीलाच धक्का दिला. त्यातील वेई, शू आणि वू ही तिसऱ्या शतकातील चिनी राज्ये आहेत. म्हणजे रोमच्या पतनाच्याही पूर्वीची, आणि लोकसमूह नसून एकाच चिनी समाजातील अल्पायुषी राजसत्ता. याशिवाय मोहिमांपुरतेच मर्यादित असलेले नामांकित वीर या तीन राज्यांना नेहमीच्या डावातही किल्ल्यातून उभे करता येतात. जुन्या खेळाडूंचा रोष मुख्यतः या दोन गोष्टींवर होता. त्याच संचात जुर्चेन आणि खितान हे दोन खरोखर मध्ययुगीन समूह आहेत. उत्तर चीनवर राज्य केलेल्या या दोघांची उणीव खेळाला पुष्कळ दिवस भासत होती. पण तीनही मोहिमा त्या तीन राज्यांच्या वाट्याला गेल्या आणि या दोघांना एकही मिळाली नाही.